मिळालेले सांभाळताना

एखादा माणूस शिखरावर पोहोचतो आणि मग त्याची घसरण सुरू होते, तेव्हा आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते? बहुतेक वेळा 'डोक्यात हवा गेली' हेच. आपल्यासारख्या स्वाध्याय करणाऱ्यांच्या बैठकीत तेच जरा सभ्य शब्दांत येते: अहंकार आला, म्हणून पतन झाले. हे उत्तर इतके तयार असते की त्या माणसाकडे नीट पाहण्याआधीच ते देऊन आपण मोकळे होतो. ते खरे आहे का, हे तपासून पाहायचे आहे, आणि त्यासाठी उदाहरणे घेते गोल्फची.

गोल्फच का, असे वाटेल. जबलपूरसारख्या छावणीच्या शहरात राहूनही आपल्यापैकी बहुतेकांसाठी हा साहेब लोकांचा खेळ. पण मनाचा अभ्यास करायला याहून सोयीचा खेळ सापडणे कठीण. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विचाराला वेळच नसतो. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो. कोणी अडवायला येत नाही. अठरा होलची एक फेरी चार-साडेचार तास चालते, आणि एक फटका मारायला दोन सेकंदही लागत नाहीत. सत्तर फटके धरले तरी प्रत्यक्ष खेळ दोन-अडीच मिनिटांचा. उरलेला सगळा वेळ माणूस आणि त्याचे मन.

इयान बेकर-फिंच हा ऑस्ट्रेलियाचा खेळाडू. १९९१ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेल मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकली. गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी ही एक. शेवटच्या दिवशी पहिले नऊ होल त्याने २९ फटक्यांत संपवले होते. पुढे त्याला वाटू लागले की आपला फटका पुरेसा लांब जात नाही. त्याने फटक्याची पद्धत बदलायला घेतली. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत तो अमेरिकेच्या मुख्य मालिकेतल्या २९ स्पर्धांत उतरला आणि एकाही स्पर्धेत शेवटपर्यंत टिकला नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर पहिले आणि अठरावे होल शेजारी-शेजारी असून त्यांची मोकळी पट्टी एकच आहे, त्यामुळे तिथला पहिला फटका चुकवणेच अवघड मानतात. १९९५ च्या ब्रिटिश ओपनमध्ये त्याने तिथून चेंडू डावीकडे थेट हद्दीबाहेर मारला. १९९७ मध्ये रॉयल ट्रूनला ७१ फटक्यांच्या मैदानावर त्याला पहिल्या फेरीत ९२ फटके लागले. त्याने स्पर्धा सोडली आणि व्यावसायिक खेळही जवळजवळ तिथेच थांबवला. सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट अशी की सरावात त्याचे फटके उत्तम बसत. फटका हातात होता. स्पर्धेचा पहिला चेंडू समोर ठेवला की तो नाहीसा होई.

आता यात अहंकार शोधून पाहा. मला सापडत नाही. उलट 'माझ्याजवळ जे आहे ते पुरेसे नाही' ही भावना दिसते. ज्या फटक्याने चषक मिळवून दिला, तोच चषक मिळाल्यावर त्याला अपुरा वाटू लागला. याला गर्व म्हणायचे, तर मग नम्रता कशाला म्हणायचे?

आपल्या परंपरेत या अवस्थेच्या जवळ जाणारा एक जोडशब्द आहे, योगक्षेम. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली असल्यामुळे तो सगळ्यांच्या नजरेखालून गेलेला असतो. जुने भाष्यकार त्याची फोड अशी करतात: जे नाही ते मिळवणे हा योग, जे मिळाले ते राखणे हे क्षेम. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला या दोन्हींच्या काळजीतून बाहेर यायला सांगितले आहे. आपण मात्र त्यातला पहिला अर्धाच वापरतो. 'फळाची आशा धरू नकोस' हे आपण ज्याला फळ मिळाले नाही त्याला सांगतो, समजूत घालायला. ज्याला मिळाले त्याला कोणी सांगत नाही. त्याला पेढे देऊन आपण घरी जातो, आणि राखण्याचे ओझे घेऊन तो एकटा मागे राहतो. मी वाणिज्य शाखेची, म्हणून मला हे घसाऱ्यासारखे दिसते. यंत्र विकत घेऊन वहीत मालमत्ता म्हणून नोंदवले की दरवर्षी त्याची किंमत कमी करून दाखवावी लागते. नोंदच केली नसती तर घसाराही नसता.

काही जणांच्या बाबतीत गोष्ट निराळी असते. अमेरिकेचा डेव्हिड डुव्हाल १९९९ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी जानेवारीत एका स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत त्याने ५९ फटक्यांची नोंद केली होती. २००१ मध्ये त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, आणि त्यानंतर अमेरिकेच्या मुख्य मालिकेत तो एकदाही जिंकला नाही. पाठीचे दुखणे होते, इतर त्रास होते, हे विसरून चालणार नाही; शरीराच्या दुखण्याला घाईघाईने मनाचा रोग ठरवणे हाही अन्यायच. पण एवढी वर्षे ज्याच्यामागे धावलो ते हाती आल्यावर 'एवढेच होते का?' असे वाटल्याचे त्याने पुढे बोलून दाखवले. २००९ मध्ये जागतिक क्रमवारीत ८८२ व्या स्थानावर असताना तो अमेरिकन ओपनमध्ये संयुक्त दुसरा आला. सगळे संपले असे लोक म्हणत असताना तो खेळतच होता, एवढे मात्र यातून नक्की दिसते.

आपल्या संकेतस्थळासाठी अनुवाद करताना शब्दांकडे जास्त लक्ष जाते. खेळाडूचा 'फॉर्म' गेला, हे मराठी वर्तमानपत्रे कसे लिहितात पाहा: सूर हरवला. परत आला की, सूर गवसला. इथली हिंदी वर्तमानपत्रे 'लय' म्हणतात. दोन्ही शब्द गाण्यातले. सूर कमावता येतो, पण तिजोरीत ठेवता येत नाही. गवय्याला तो रोज सकाळी नव्याने लावावा लागतो. भाषेला हे ठाऊक आहे. आपण ती भाषा बोलतो आणि निवाडा मात्र दुसऱ्याच भाषेत देतो.

विनोद कांबळीविषयी किती सहज बोलतो आपण. १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके, १७ कसोटींत ५४ हून अधिक सरासरी, आणि शेवटची कसोटी १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. मराठी घरांत मुलांना शिकवण देण्यासाठी हे नाव वर्षानुवर्षे वापरले गेले. त्या मुलाच्या मनात तेव्हा काय चालले होते, हे जेवणाच्या ताटावर बसून कोणाला कळणार? तरी निवाडा ठरलेला असे. घरातल्या मुलालाही आपण तोच लावतो. दहावीला ९५ टक्के मिळवलेला मुलगा सीएच्या परीक्षेत दोनदा अडकतो, आणि नातेवाईक म्हणतात, 'हुशारीचा माज नडला.' प्रत्यक्षात तो बिचारा रात्री बारा वाजता सोडवून झालेले उदाहरण तिसऱ्यांदा तपासत असतो, कारण ९५ टक्केवाल्याकडून बेरीज चुकणे त्याला परवडत नाही.

इथे आपल्याच घरातली एक गोष्टही बोलायला हवी. ध्यानाने एकाग्रता वाढते, एकाग्रतेने यश मिळते, असे आपण फार सहज लिहितो. ते लिहिताना माझा हात आता थोडा थबकतो, तो अनिर्बान लाहिरीमुळे. लाहिरीचा जन्म पुण्याचा, १९८७ चा. वडील लष्करात डॉक्टर. तो विपश्यना करतो, म्हणजे मराठी वाचकाला इगतपुरीच्या धम्मगिरीमुळे ओळखीची असलेली साधना. २०१५ च्या फेब्रुवारीत त्याने मलेशियन ओपन आणि दिल्लीची इंडियन ओपन अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या, ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला, आणि जागतिक क्रमवारीत ३३ व्या स्थानापर्यंत चढला. त्याच ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियातल्या प्रेसिडेंट्स कपच्या शेवटच्या दिवशी अठराव्या होलवर जेमतेम चार फुटांवरून चेंडू होलमध्ये घालायचा होता. तो चुकला, आणि त्याचा संघ एका गुणाने हरला. पुढच्या वर्षांत तो क्रमवारीत तीनशेच्याही खाली घसरला.

म्हणजे साधना होती, तरीही घसरण झाली. आपल्याला हे अवघड जाते, कारण मनातल्या मनात आपणही साधनेला विम्याची पॉलिसी समजतो. हप्ता भरला आहे, तर नुकसान व्हायला नको. पण सूर हरवला असतानाही रोज मैदानावर जायचे, चेंडू ठेवायचा, मारायचा, आणि काल चुकला म्हणून आजच्या चेंडूवर राग काढायचा नाही, यासाठी साधना उपयोगी पडत असेल, तर ते क्रमवारीत कुठे दिसणार? ते मोजायची सोयच नाही. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरला पटिंग करताना, म्हणजे चेंडू होलकडे हलकेच ढकलताना, मनगटाला झटका बसण्याचा विकार पुन्हा पुन्हा जडला. त्याने दर वेळी काठी धरायची नवी रीत शोधली. १९८५ आणि १९९३ च्या मास्टर्स स्पर्धा त्याच्या नावावर आहेत, पण मधली वर्षे कोणी मोजत नाही.

आणि बेकर-फिंच? खेळ सोडल्यावर तो दूरचित्रवाणीवर समालोचक झाला आणि ते काम त्याने अनेक वर्षे केले, दुसऱ्यांचे चांगले फटके लोकांना समजावून सांगत. त्याने हार मानली असे म्हणायचे की ओझे खाली ठेवले असे, हे तुम्ही ठरवा. मला दुसरे पटते.

लाहिरीचे म्हणाल तर २०२२ च्या मार्चमध्ये फ्लोरिडातली प्लेयर्स चॅम्पियनशिप पावसामुळे सोमवारपर्यंत लांबली. शेवटच्या होलवर त्याला बरोबरीसाठी एक फटका वाचवायचा होता. तो वाचला नाही. कॅमेरून स्मिथ जिंकला आणि लाहिरी एका फटक्याने दुसरा आला. अमेरिकेच्या मुख्य मालिकेत तोवर त्याने एकही स्पर्धा जिंकली नव्हती, त्या सोमवारीही जिंकली नाही.