शेजारच्या सीटवरचा माणूस

इटलीत पूर्वी मिले मिलिया नावाची मोटारशर्यत होत असे. हजार मैलांची, आणि तीही बंदिस्त ट्रॅकवर नाही, तर गावागावांतून जाणाऱ्या रोजच्या रस्त्यांवर. ब्रेशियाहून निघायचं, एड्रियाटिकच्या किनाऱ्याने खाली उतरायचं, डोंगर ओलांडून रोम गाठायचं आणि घाट चढत-उतरत पुन्हा ब्रेशियाला यायचं. इटालियन चालकांना हे रस्ते पायाखालचे. ब्रिटिश चालकाने ती कधीच जिंकली नव्हती.

1955 साली मर्सिडीजने आपली 300 एसएलआर गाडी स्टर्लिंग मॉस या 25 वर्षांच्या इंग्रज तरुणाच्या हाती दिली. त्याच्या हाताला गुण होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण हजार मैलांतली वळणं नुसत्या गुणाने कशी लक्षात राहणार?

शेजारी बसायला त्याने डेनिस जेंकिन्सनला घेतलं. ठेंगणा, दाढीवाला, चष्मा लावणारा हा माणूस ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचा पत्रकार. 1949 साली एरिक ऑलिव्हरच्या साइडकारमध्ये बसून तो विश्वविजेता झाला होता, म्हणजे दुसऱ्याच्या हाती जीव सोपवून बसणं त्याला नवं नव्हतं. जॉन फिच या अमेरिकन चालकाबरोबर रस्त्याच्या नोंदी ठेवण्याची कल्पना त्याने आधीच घोळवली होती. आता सरावाच्या फेऱ्यांत दोघांनी सगळा मार्ग टिपून काढला: कुठलं वळण फसवं, कुठलं जीवघेणं, कुठल्या उंचवट्यापलीकडे रस्ता सरळ आहे. हे सगळं सुमारे 18 फूट लांब कागदाच्या गुंडाळीवर उतरलं आणि ती गुंडाळी पारदर्शक खिडकीच्या एका डबीत बसवली.

ते वाचून सांगायचं कसं? बोलण्यासाठी यंत्र लावून पाहिलं, तर गाडी पूर्ण वेगात काढताना मॉसला शब्दच उमगेनात. सगळं चित्त रस्त्यात. मग हाताच्या पंधराएक खुणा ठरल्या.

कागद लिहिणं कष्टाचं काम खरं, पण तो मानणं त्याहून अवघड, असं मला वाटतं. समोर उंचवटा आहे, पलीकडचं काही दिसत नाही, गाडी ताशी 270 किलोमीटरच्या आसपास धावते आहे आणि शेजारचा हाताने सांगतो, ‘सोड, रस्ता सरळ आहे.’ अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. त्यातून माणूस आपल्या कामात वाकबगार असेल तर विचारूच नका; त्याला स्वतःच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याचे डोळे खरे वाटतच नाहीत. मॉसने पाय उचलला नाही. एका उंचवट्यावर तर गाडीची चारही चाकं जमिनीवरून सुटली.

सगळं सुरळीत झालं, असं नाही. पादुआत गाडी घसरून गवताच्या गठ्ठ्यांवर आदळली आणि फेरारीतला कास्तेलोत्ती खुशीत पुढे निघून गेला. त्याने गाडी इतकी पिटाळली की पुढे रावेन्नाला त्याला टायर बदलत थांबावं लागलं. जेंकिन्सनला मळमळून आलं. उलटीसाठी तो बाहेर वाकला तर वाऱ्याने चष्माच उडवून नेला. बरं की जवळ दुसरा होता. रोममध्ये मॉस पहिला होता. रोमला जो पुढे असतो तो जिंकत नाही, असा त्या शर्यतीचा एक जुना समज होता.

मॉस जिंकला. 10 तास 7 मिनिटं 48 सेकंद, सरासरी ताशी 157 किलोमीटरहून जास्त. 1957 नंतर ही शर्यत त्या रूपात बंदच झाली, त्यामुळे तो विक्रम तसाच राहिला. दुसरा आला तो थोर फांजिओ, अर्ध्या तासाहून अधिक उशिरा. तो एकटाच गाडीत होता. त्याच्या इंजिनाने त्रास दिला होता, हेही सांगायला हवं. सगळं श्रेय कागदाला देणं बरोबर नाही.

जेंकिन्सनने मग आपल्या मासिकात या प्रवासाचा सविस्तर वृत्तांत लिहिला आणि त्यात स्वतःचा हिशोबही चोख दिला. हजार मैलांत त्याची खूण एकदाच चुकली होती: काठोकाठ भरलेल्या टाकीतलं पेट्रोल मानेवर सांडलं, तेव्हा. ते वळण मॉसने सांभाळून घेतलं.