सुट्टीत विसावले कोण?

परीक्षा संपल्या की घरोघरी एकच विषय निघतो. यंदा सुट्टीत कुठे जायचे? कोणी माथेरान म्हणते, कोणी गोवा, कोणी वेलंकनी. तिकिटे काढली जातात, बॅगा भरल्या जातात, चकल्या-लाडवांचे डबे होतात. चार-आठ दिवसांनी मंडळी परत येतात आणि घरातली आई म्हणते, "चला, आता घरी आले, आता कुठे दोन घटका बसेन." आपण हसतो आणि विसरून जातो. परंतु त्या वाक्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. सुट्टी सर्व कुटुंबाची होती, तर मग एकाला विसावा आणि दुसऱ्याला दुप्पट काम, असे का झाले?

विसावा म्हणजे आळस नव्हे. विसावा ही परमेश्वराची आज्ञा आहे. दहा आज्ञा पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी येतात, निर्गमच्या २०व्या अध्यायात आणि अनुवादच्या ५व्या अध्यायात. शब्बाथ पाळण्याचे कारण मात्र दोन्हीकडे वेगळे आहे. निर्गममध्ये सांगितले आहे की, सृष्टी निर्माण करून परमेश्वराने सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवादमध्ये परमेश्वर इस्राएली लोकांना मिसर देशातल्या गुलामगिरीची आठवण करून देतो. तुमच्याप्रमाणेच तुमच्या दासदासींनाही विसावा मिळाला पाहिजे, असे तो बजावतो. मुलगा, मुलगी, चाकर, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका, कोणालाही त्याने वगळलेले नाही.

यातला विचार खोल आहे. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला परमेश्वराने गुलामीतून सोडवले, त्याने स्वतःच्या विसाव्यासाठी दुसऱ्याला जुंपू नये. म्हणून ख्रिस्ती माणसाने "मी किती विसावलो?" एवढेच विचारून भागत नाही. "माझ्याबरोबर कोण विसावले?" हेही विचारावे लागते.

आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी आहे. १९०७ पासून नेरळहून छोटी रेल्वे वर जाते, आणि गावात पायी किंवा घोड्यावरून फिरायचे. चालून थकलेल्या पर्यटकांसाठी तेथे माणसांनी ओढायच्या रिक्षा वर्षानुवर्षे चालत आल्या. लाल मातीच्या चढावर एक जण पुढून ओढणार, दुसरा मागून ढकलणार आणि आत सुट्टीवर आलेले कुटुंब. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. त्या रिक्षांत बसणारे लोक काही दुष्ट नव्हते. ते तुमच्या-आमच्यासारखेच होते. आपला आराम कोणाच्या खांद्यावर चालला आहे, हे सुट्टीच्या आनंदात दिसत नाही, एवढेच.

यावर कोणी म्हणेल, "आम्ही बसलो नाही तर त्यांच्या पोटाचे काय?" हा प्रश्न खोटा नाही. न्यायालयानेही प्रथा बंद करताना त्या रिक्षावाल्यांना ई-रिक्षा देऊन त्यांच्या उपजीविकेची सोय करावी, असे सांगितले. हॉटेलचा वेटर, गाडीचा ड्रायव्हर, खोली झाडणारी बाई हे सारे आपण गेलो नाही तर उपाशी राहतील. मग करायचे काय? कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ येथे शहाणपणाची वाट दाखवतो. काही लोकांना रविवारीही काम करावे लागते, हे तो मान्य करतो. मात्र त्यांच्यावर विनाकारण जास्तीचा भार टाकू नये आणि त्यांनाही पुरेसा विसावा मिळावा, ही सर्वांची जबाबदारी आहे, असे तो सांगतो. म्हणजे घरी बसून राहणे हे उत्तर नव्हे. ड्रायव्हरच्या जेवणाची आणि झोपेची सोय आपल्या खोलीबरोबरच ठरवावी. रात्री बारा वाजता चहासाठी कोणाला उठवू नये. हजारो रुपये खर्चून आलेल्याने घोडेवाल्याशी वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये. मुले हे सारे पाहत असतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षभर शिकलेले ते अशा वेळी पारखून घेतात.

आता घरात येऊ. बेथानीच्या मार्थेची गोष्ट ऐकताना आपण तिला जरा लवकरच दोषी ठरवतो. प्रभूच्या चरणांशी बसलेल्या मरियेने उत्तम वाटा निवडला, यात शंका नाही. पण आपल्या घरातल्या मार्थेला तो वाटा मिळावा म्हणून आपण काय करतो? भाड्याच्या बंगल्यात उतरलो तरी चूल तिचीच आणि ओले टॉवेल वाळत घालणारीही तीच. घरातल्या सर्वांनी मिळून अर्धा तास काम केले, तर संध्याकाळी तीही सर्वांबरोबर बसेल. त्यानंतर म्हटलेल्या रोझरीला वेगळीच गोडी येईल. आईला दमवून झालेली कौटुंबिक प्रार्थना परमेश्वराला किती आवडत असेल, याचा विचार करावा.

मुलांच्या बाबतीत संत लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचण्यासारखा आहे. पवित्र मरिया आणि संत योसेफ वल्हांडणासाठी दरवर्षी जेरुसलेमला जात. येशू बारा वर्षांचा असताना परतीच्या वाटेवर तो सोबतच्या नातेवाइकांत असेल असे समजून ती दोघे एक दिवसाची वाट चालून गेली. तो सापडला तिसऱ्या दिवशी. तांड्यात असणे आणि एकमेकांबरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज एकाच खोलीत चौघे चार मोबाइलवर असतात, तेव्हा कोणी हरवले आहे हे कळायलाही दिवस लागतो. सुट्टीत रोज एक तास मोबाइल बाजूला ठेवून मुलाबरोबर नुसते चालावे. तो बोलेल ते ऐकावे.

रविवारच्या मिस्सेला सुट्टी नसते, हे आपण जाणतोच. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेत भाग घेतला तरी ते कर्तव्य पूर्ण होते. निघण्यापूर्वी वेळ विचारून ठेवावी. कोकणी किंवा तमिळ मिस्सेत शब्द कळले नाहीत तरी गुडघे केव्हा टेकायचे हे मुलांना बरोबर कळते. ख्रिस्तसभा एक आहे, हे त्यांना न सांगता उमजते. मात्र एका दिवसात दहा चर्च पाहण्याची धावपळ करू नये. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकात अर्धा तास शांत बसणे अधिक मोलाचे आहे.

आणि ज्यांना जाणे परवडत नाही, त्यांनी कर्ज काढून जाऊ नये. थकलेल्या प्रेषितांना प्रभूने एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले, तेव्हा तिकीट लागले नव्हते. आजी-आजोबांच्या ओटीवर घालवलेले चार दिवसही प्रभूच्या दृष्टीने सुट्टीच आहेत. त्या एकांतातही लोक येऊन पोहोचले, तेव्हा प्रभूला त्यांचा राग आला नाही, कळवळा आला. खऱ्या विसाव्याने मन असे मोठे होते.

सुट्टीच्या शेवटच्या रात्री प्रार्थनेनंतर घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारा, "तुला विसावा मिळाला का?" आईला विचारा, आजीला विचारा, ड्रायव्हरलाही विचारा. सर्वांनी मनापासून "हो" म्हणावे, अशी सुट्टी प्रभू आपणा सर्वांना देवो.