शब्द कोणाला दिला?

कायद्याच्या धाकाने सरळ चालणाऱ्यापेक्षा आपणहून स्वतःला बंधन घालून घेणाऱ्याला आपण मोठे मानतो. माणसापुरते ते बरोबरच आहे. उद्योगसमूह हीच भाषा बोलू लागतात, तेव्हा मात्र जरा थांबावेसे वाटते.

४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत सिगारेट कंपन्यांनी पानभर निवेदन छापले. सिगारेटच्या धुरातील टार उंदरांच्या पाठीवर फासल्यास कर्करोग होतो, हे संशोधन आदल्याच महिन्यात प्रसिद्ध झाले होते. कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले. मदतीला हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क संस्था होती. निवेदनाचा सूर मोठा नम्र होता. लोकांचे आरोग्य आम्हांला धंद्याहून महत्त्वाचे. संशोधनाला आम्ही पैसा देऊ. आरोग्य राखणाऱ्यांना साहाय्य करू. आमचा माल अपायकारक नाही, असे आम्ही मानतो, हेही त्यात होते. ‘मानतो’! मानण्याबद्दल कोणाला जाब विचारायचा?

पुढे १९६४च्या जानेवारीत सर्जन जनरलचा अहवाल आला आणि धोक्याची सूचना सक्तीची करण्याचा प्रस्ताव फेडरल ट्रेड कमिशनने मांडला. एप्रिलमध्ये कंपन्यांनी स्वतःची जाहिरात-संहिता जाहीर केली. जाहिरातीत पंचविशीच्या आतले चेहरे दिसणार नाहीत, वगैरे. नियम वाईट नव्हता, पण त्याची वेळ पाहा. १९६५च्या कायद्याने पाकिटावर एक मवाळ सूचना आणली आणि जाहिरातींत सूचना सक्तीची करण्यापासून त्या कमिशनला काही वर्षे रोखले.

प्रत्येक स्वयंनियमन ढोंगच असते, असे मी म्हणत नाही. पण जो स्वतःला दोरीने बांधून घेतो आणि दोरीचे दुसरे टोकही आपल्याच मुठीत ठेवतो, तो बांधला गेला असे कसे म्हणावे? वचन घेणारा कोणीतरी समोर असावा लागतो, आणि ते मोडल्यास बोलण्याचा त्याला अधिकार असावा लागतो. १९५४चे निवेदन वाचकांना उद्देशून होते, पण वाचकाच्या हाती त्यातून काहीच आले नव्हते. मला वाटते, ते खरे लिहिले होते कायदा करणाऱ्यांसाठी : थांबा, आम्ही पाहून घेतो.

२००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी या कंपन्यांनी अर्धशतक लोकांना फसवल्याचा निकाल दिला आणि सत्य छापून सांगण्याचा आदेश दिला. एकेका शब्दावर अकरा वर्षे वाद चालला. २०१७च्या नोव्हेंबरात ती निवेदने वर्तमानपत्रांत आली. ‘आम्ही जाणूनबुजून फसवले’ एवढा मजकूर तेवढा कंपन्यांनी अपिलात वगळून घेतला होता.