दुसऱ्यांचे कबरस्तान

याकोब व्हान रुइसडाल या डच चित्रकाराने १६५५ च्या सुमारास ज्यूंच्या कबरस्तानाचे निसर्गचित्र दोनदा रंगवले. एक ड्रेस्डेनला आहे, दुसरे अमेरिकेत डेट्रॉईटला. काळवंडलेले आभाळ, पडकी इमारत, वाळून पांढरे पडलेले झाड, कबरींजवळून वाहणारा ओढा आणि ढगांत अंधूक इंद्रधनुष्य. उजेड मात्र कबरींवर. अर्थ लावायला कष्ट पडत नाहीत. इमारती कोसळतात, झाडे वठतात, पाणी वाहून जाते. आशा तेवढी उरते. जर्मन कवी गटेनेही या चित्रावर लिहिले आहे.

मी अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. या कबरी खऱ्या आहेत. ॲमस्टरडॅमजवळ आउडरकर्क येथे पोर्तुगीज ज्यूंचे कबरस्तान आहे, १६१४ पासूनचे. चित्रातली एक कबर एलियाहू मोंताल्तोची, फ्रान्सच्या राणीच्या हकिमाची. १६१६ मध्ये तो फ्रान्समध्ये वारला, तेव्हा मय्यत औषधे लावून टिकवली आणि एवढ्या लांब आणली, आपल्या माणसांत दफन व्हावे म्हणून.

पण तिथली जमीन सपाट, नदीकाठची. ओढा नाही, पडकी इमारत नाही. आणि ज्यांचे ते कबरस्तान, ते लोक तेव्हा व्यापारउदीम करीत नांदत होते. १६७५ मध्ये त्यांनी ॲमस्टरडॅममध्ये भव्य सिनेगॉग उभारले. चित्रकाराने कबरी त्यांच्या घेतल्या, ओसाडी मनातली घातली.

कबर पाहून इबरत घ्यावी, हे आपल्यालाही लहानपणापासून सांगितलेले. मग रुइसडालचे चुकले काय? शब-ए-बरातला कबरस्तानात गेलो की अनोळखी कबरींपाशी मीही थबकतो. पण आधी दादीची कबर शोधतो. ती मला मृत्यूची खूण वाटत नाही, दादीच वाटते. खूण करायला दुसऱ्यांचे मेलेलेच सोपे पडतात, आणि त्यांच्या जिवंतांकडे पाहायचे राहून जाते. आपल्या जुन्या मशिदींचे फोटो ‘भग्न वैभव’ म्हणून छापून येतात, तेव्हा मागच्या मोहल्ल्यात चुली पेटलेल्या असतात. त्या फोटोत येत नाहीत.

तरीही हे चित्र टाकून देववत नाही. नुसते प्रतीकच हवे असते तर त्याला कुठलाही दगड चालला असता. त्याने दगडांचे आकार इतक्या निगुतीने काढलेत की कोणती कबर कोणाची हे आजही ओळखता येते. त्याची तिथली दोन रेखाटने हार्लेमच्या संग्रहालयात आहेत. शहराबाहेर नदीकाठी जाऊन, काळा खडू घेऊन तो त्या परक्या कबरींपुढे बसला होता.