सातवा माणूस

डिसेंबर लागला की सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत गॅदरिंगचे वारे वाहू लागतात आणि नोटीस बोर्डावर आंतरवर्गीय स्पर्धांचा कागद लागतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, रस्सीखेच, कॅरम. वर्गातलं कुणीतरी वही घेऊन नावं गोळा करत फिरतं. अशाच एका वहीवालीला तिच्या मैत्रिणीनं दिलेलं उत्तर माझ्या कानावर पडलं आणि तेव्हापासून ते मला सोडत नाही : "माका खेळूक येणा नाय, माझा नाव घालू नको."

कंटाळा आला, ऊन लागतं, अभ्यास आहे, असं काही ती म्हणाली असती तर मी विसरूनही गेलो असतो. पण खेळता येत नाही म्हणून खेळायचं नाही, हे एकोणीस-वीस वर्षांची मुलगी किती सहज बोलून गेली! हीच मुलगी लहानपणी अंगणात लगोरी आणि लंगडी खेळली असणार. तेव्हा तिला कुणी खेळता येतं का, असं विचारलं नव्हतं. मधल्या वर्षांत आपण तिला काय शिकवलं?

खेळानं तब्येत सुधारते, मन ताजं होतं, सहकार्य अंगी बाणतं, हे सगळं शाळेच्या निबंधांत लिहून झालं आहे. त्यात मी शिरत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो निवडलेला संघ आणि जमवलेला संघ यांतला फरक. निवडलेला संघ माणसं गाळत तयार होतो. कॉलेजच्या चाचणीत काही गळतात, विभागीय फेरीत आणखी काही, मग विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ. जमवलेला संघ उलट्या बाजूनं उभा राहतो. तृतीय वर्षाच्या वर्गात मुलं मोजकी, कबड्डीला सात तर हवेत. पाच जण आपणहून येतात, सहाव्याची मनधरणी होते आणि सातव्याला वाचनालयातून ओढून आणावं लागतं. माझा जीव या सातव्यात अडकला आहे.

आमच्या जिल्ह्यात हा सातवा दुर्मीळ होत चालला आहे. २००१च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्य वाढत असताना जिल्हा आटला. मुंबई, पुणे, गोवा तरुणांना ओढून घेतात, मागे वर्ग लहान होत जातात. मोठ्या शहरातल्या भरगच्च वर्गात अकरा चांगले निवडून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवता येतं. इथं टाळ्या वाजवणाऱ्याला मैदानात घेतल्याशिवाय संघच पुरा होत नाही. आपल्या कमतरतेतून आलेली ही संधी आहे असं मी मानतो.

माझे एक निवृत्त क्रीडाशिक्षक स्नेही हे मुळीच मानत नाहीत. "ता काय खेळ नाय, नुसतो टायमपास," म्हणतात. त्यांचं म्हणणं असं : मैदान एक, पैसे थोडे, मुलांकडे वेळ त्याहून थोडा. आपली मुलं तांबड्या मातीत सराव करून मॅटवर खेळायला जातात, पाचेकशे किलोमीटरवरच्या मुंबईतल्या संघांना भिडतात. आंतरवर्गीय स्पर्धांवर जाणारा आठवडा त्यांना द्या. या मुलांच्या वाट्याला काय येतं ते सरांनी आयुष्यभर पाहिलं आहे, त्यामुळे एवढ्यापुरता मी गप्प बसतो. पण एकाला दिलं म्हणजे दुसऱ्याचं हिरावलं, हा हिशेब मला पटत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात फुटबॉलचं वेड एवढं, की १९२७ साली त्यांनी उभारलेल्या स्टेडियममध्ये आज लाखावर माणसं बसतात. त्याच विद्यापीठानं पुढच्याच वर्षी, १९२८मध्ये, संघात न निवडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या अंतर्गत स्पर्धांसाठी स्वतंत्र इमारत बांधली. त्यासाठीचा विभाग तर १९१३पासूनच होता. संघाचा अभिमान आणि सर्वांचा खेळ तिथं एकत्र नांदले.

सरांचा दुसरा उपाय गुणांचा. मुंबई विद्यापीठात खेळाडूंना सवलतीचे दहा गुण मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तर खेळ सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांकातच आला आहे. "श्रेयांक द्या, सगळी पोरं मैदानात येतील." येतील, हजेरी लावतील आणि जातील. त्यांना बोलावणारं वेळापत्रक असेल. 'तुझ्यावाचून आमचं अडलंय' असं म्हणणारा वर्गमित्र नसेल.

गावातल्या क्रिकेटचं काय झालं तेही पाहा. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा म्हणजे एकेकाळी वाडीवाडीची चुरस होती. मे महिन्यात चाकरमानी यायचे आणि खेळाडू कमी पडला तर काका पॅन्ट दुमडून लाँग ऑनला उभे राहायचे. आता प्रकाशझोतात सामने होतात, यूट्यूबवर थेट दिसतात, बक्षिसं मोठी असतात. संघांना मालक असतात आणि खेळाडूंचा लिलाव होतो. २०२४पासून तर टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगही सुरू झाली. गुणी मुलांना त्यातून पैसा आणि नाव मिळतं, त्याचा मला आनंदच आहे. पण दुमडलेल्या पॅन्टचे काका आता मंडपात खुर्चीवर बसलेले असतात. गावातली ही जागा गेल्यावर खेळता न येणाऱ्यालाही उतरता येईल असं मैदान उरलं ते कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये.

तर मग या स्पर्धा हलक्याफुलक्याच ठेवा, गुण मोजू नका, हरणं-जिंकणं बाजूला राहू द्या, असं सुचवावं म्हणून मी हे लिहायला बसलो होतो. पण किनाऱ्यावर सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याचा, रापणीचा, विचार केला आणि ती सूचना हातातून गळाली. रापण ओढायला माणसं कमी पडली तर दोराला हात लावणारा कुणीही चालतो. त्याला होडी वल्हवता येते का, असं कुणी विचारत नाही, आणि ओढणाऱ्याला मासळीतला वाटा मिळतो. ती माणसं जीव तोडून ओढतात, कारण जाळ्यात खरी मासळी असते. रिकामं जाळं ओढायला कुणी हाक मारत नाही.

सातव्या माणसाची गरजसुद्धा सामना खरा असेल तरच खरी. कबड्डीत नवखा बाद झाला की प्रतिपक्षाला गुण मिळतो, शिवाय त्यांचा बाद झालेला एक गडी उठतो. नवख्यानं साखळीत हात घट्ट धरला आणि पकड यशस्वी झाली तर आपला गडी उठतो. खो-खोत चौकात बसलेल्या आठांपैकी कुणालाही खो मिळाला की उठून धावावंच लागतं. गुण मोजलेच नाहीत तर या उठण्याला आणि धावण्याला काय अर्थ उरतो? तिथं त्या मुलीला 'ये, नुसती उभी राहा' म्हणणं म्हणजे तिच्यावर दया करणं, आणि दया तिला लगेच कळते. म्हणून आंतरवर्गीय सामन्यालाही शिट्टी कडक हवी, गुणलेखक हवा, निकाल फलकावर लागायला हवा. सरांची शिस्त मला हवी आहे, फक्त त्यांनी गाळलेल्या माणसांसाठी.

तेव्हा जिमखाना समित्यांना माझं मागणं आहे. सामने कॉलेजच्या वेळेतच घ्या, म्हणजे दूरच्या गावच्या मुलींना एसटी गाठायची धावपळ होणार नाही. वर्गाच्या यादीतल्या प्रत्येकाला एकदा तरी मैदानात उतरवायचं, असा नियम करा. पंच म्हणून कॉलेजच्या संघातली मुलं नेमा. त्यांना नियम पाठ असतात, आणि त्यांनी दिलेला निर्णय पोरं मानतात. आणि वही घेऊन फिरणाऱ्या वर्गप्रतिनिधीनं 'खेळता येतं का?' हा प्रश्न वगळून एवढंच सांगावं : आम्ही सहा आहोत, तू ये.