स्फटिकाचा नेम

तळेगांव दाभाडे येथें वाळूची कांच करणें हें एके काळीं राष्ट्रकार्य मानलें जाई. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं एकेक पैसा गोळा करून पैसाफंड उभारला, आणि त्यांतून 1908 सालीं येथें कांचेचा कारखाना निघाला. त्या वाळूचें आणि गारगोटीच्या स्फटिकाचें द्रव्य एकच. परंतु वितळून थिजलेल्या कांचेंत कणांची रचना विस्कळित असते, स्फटिकांत ती नेमाची असते. स्फटिक दाबल्यानें वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं 1880 सालीं दाखविलें. पुढल्या वर्षीं उलट गोष्टही सिद्ध झाली, कीं वीज दिल्यानें स्फटिक हलतो. कांचेला हा गुण नाहीं.

पुढें हौशी लोक घरीं बिनतारी प्रक्षेपक बांधूं लागले, तेव्हां स्फटिकाची चकती ते स्वतःच्या हातानें घाशीत. सपाट कांचेवर कार्बोरंडमची भुकटी व पाणी घालून ती इंग्रजी आठाच्या वळणानें फिरवावयाची. चकती जितकी पातळ, तितकीं कंपनें अधिक. सेकंदास सत्तर लक्ष कंपनें हवीं असल्यास नेहमींच्या छेदाच्या चकतीची जाडी पाव मिलिमीटरहूनही थोडी कमी लागे. म्हणून जरासें घासून, धुऊन, पुसून पुन्हां तपासावयाचें. कारण घासून गेलेलें परत येत नाहीं.

एवढा खटाटोप कशासाठीं? आपल्या घरांत, आपल्या यंत्रावर बोलणाऱ्यानें वाटेल त्या लहरीवर कां बोलूं नये? आम्हांस वाटतें, हा स्वातंत्र्याचाच प्रश्न आहे. आकाश सर्वांचें आहे. आपली लहर जागेवरून ढळली तर ती शेजाऱ्याच्या बोलण्यावर आदळते, आणि आपली वाट पाहणाऱ्यालाही सांपडत नाहीं.

कोणी म्हणेल, नियमांचें हें स्तोत्र सत्ताधाऱ्यांनाच गोड लागेल. आक्षेप खरा आहे. 1942 च्या लढ्यांत उषा मेहता व त्यांचे सहकारी ह्यांनीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तो सरकारचा कायदा मोडूनच. पोलीस मागावर असल्यामुळें बिऱ्हाड पुनःपुन्हां बदलावें लागे. तरी 42.34 मीटर ही आपली लहर ते उघड सांगत. ती श्रोत्यांना ठाऊक नसती, तर बोलणें व्यर्थ होतें. 12 नोव्हेंबर रोजीं धरपकड झाली आणि उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. ज्यांनीं कायदा मानला नाहीं, त्यांनींच श्रोत्यांना दिलेला शब्द असा पाळला.

लादलेलें बंधन आणि पत्करलेला नेम ह्यांतील भेद आम्ही येथें पाहतों. बंधन दुसऱ्याच्या सोयीसाठीं असूं शकतें. नेम मनुष्य आपलें बोलणें दुसऱ्यापर्यंत पोंचावें म्हणून घेतो. आज मनगटी घड्याळांतला स्फटिक कारखान्यांतूनच सेकंदास 32,768 कंपनांना जुळवून येतो, आणि घासण्याचे कष्ट आपल्याला पडत नाहींत. स्वतःचा नेम मात्र ज्याचा त्यालाच जुळवावा लागतो. तेथेंही हात जपून चालवावा. अति घासल्यानें स्फटिक जसा फुकट जातो, तसाच अति निग्रहानें मनुष्यही.