पर्जचं बटण म्हणजे तपास नव्हे

बसू नकोस, उभं राहूनच ऐक. ‘माझ्या मशीनवर बरोबर दिसतंय, सर’ हे वाक्य या वर्गात पुन्हा कुणाच्या तोंडून आलं, तर त्यापुढचं मी काही ऐकून घेणार नाही. आपण वेबसाइट तुझ्या मशीनसाठी चालवत नाही. प्रवेशाची मुदत वाढली, तू पानावर नवी तारीख टाकलीस, पुण्यात ती दिसली आणि तू हात झटकून मोकळा झालास. नागपुरातल्या पोरांना दुपारपर्यंत जुनीच तारीख दिसत होती. मुदत संपली असं समजून त्यातलं एक पोरगं जरी घरी बसलं, तर त्याचं वर्ष तू भरून देणार आहेस का?

आणि तक्रार आल्यावर काय केलंस? एक हेडर न बघता सीडीएनच्या पॅनलवर जाऊन सगळी कॅश पर्ज केलीस. पंचनामा व्हायच्या आधी जागा धुऊन काढलीस! चुकीची प्रत कुठल्या शहरातल्या सर्व्हरवर होती, किती जुनी होती, कुणाकडून आली होती, हे सांगणारा पुरावा तू स्वतःच्या हाताने पुसलास. शिवाय साइटवरची प्रत्येक चित्रफाईल, प्रत्येक स्टाइलशीट पुन्हा ओरिजिनकडे, म्हणजे आपल्या मूळ सर्व्हरकडे, मागायला लावलीस, तेही अर्ज भरण्याच्या ऐन गर्दीत.

मग तासाभराने जुनी तारीख परत आली. तेव्हा तरी डोकं चालवायचं होतंस! तू म्हणालास, ‘सीडीएनच खराब आहे.’ अरे, सीडीएन स्वतःहून मजकूर लिहीत नाही. ओरिजिनने दिलेली प्रत ठेवतो आणि वाटतो. सगळं पुसल्यावरही जुनं परत येतं, याचा अर्थ ते त्याला मागून कुणीतरी पुन्हा दिलं. आपल्या लोड बॅलन्सरमागे दोन सर्व्हर आहेत, हे तुला ठाऊक आहे. दोन्हींवर डिप्लॉय पूर्ण झालं होतं का, हे पाहिलंस? नाही. अॅप्लिकेशनची स्वतःची पेज कॅश रिकामी केलीस? तीही नाही.

आता नीट ऐक, हे दहा वेळा सांगणार नाही. उत्तराबरोबर ‘एज’ नावाचा हेडर येतो, तो प्रतीचं वय सेकंदांत सांगतो. बदल तासाभरापूर्वी केला आणि वय 7200 दिसतंय, तर ती प्रत दोन तास जुनी आहे, ती बदलाआधीचीच असणार. सीडीएनचा स्वतःचा हेडर ‘मिस’ म्हणतोय, वय शून्य आहे आणि तारीख तरीही जुनी, तर दोष मागे आहे, सीडीएनला बोल लावायचं काम नाही. मग कर्ल उघड, त्याच्या ‘रिझॉल्व्ह’ पर्यायाने त्याच डोमेनच्या नावाने एकेका ओरिजिनच्या आयपीला थेट विचार आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेव. एवढं करायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटंही तुला द्यावीशी वाटली नाहीत, याचा मला जास्त राग आहे.

‘कंट्रोल-एफ5 दाबलं होतं’ हे तर सांगूच नकोस. त्याने फक्त तुझ्या ब्राउझरमधली प्रत बाजूला पडते. बहुतेक सीडीएन तुझ्या विनंतीतलं ‘नो-कॅश’ जुमानत नाहीत. उलट बाजूही लक्षात ठेव, तुझा पर्ज लोकांच्या ब्राउझरपर्यंत पोहोचत नाही. काल ‘मॅक्स-एज’ 86400 देऊन पाठवलेलं पान त्यांच्याकडे दिवसभर राहू शकतं. तारखा बदलणाऱ्या पानाला एक दिवसाची मुदत कुणी दिली? तूच. आणि दुसऱ्या पानावर हेडरच लिहिला नाहीस, जणू काही लिहिलं नाही म्हणजे कुणी साठवणार नाही! 2022 चा आरएफसी 9111 वाच. मुदत दिलेली नसेल तर कॅश अंदाजाने मुदत ठरवू शकते. शेवटच्या बदलाला जितका काळ झाला त्याचा दहावा हिस्सा, ही त्यातली नेहमीची रीत आहे. शंभर दिवस न बदललेलं पान अशाने दहा दिवस ताजं ठरतं.

जुनी तारीख दिसणं हे यातलं सौम्य दुखणं आहे. 25 डिसेंबर 2015 ला स्टीम या व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन दुकानावर हल्ला झाला, सेलच्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा रहदारी 2000 टक्क्यांनी वाढली. भार सावरायला घाईने कॅशचे नियम बदलले गेले आणि त्यातल्या एका बदलाने लॉगिन केलेल्या लोकांची पानं साठवून दुसऱ्यांना दाखवली. कुणाचा बिलाचा पत्ता, कुणाचा ईमेल, कुणाची खरेदी, सगळं परक्याच्या पडद्यावर. सुमारे 34,000 लोकांची पानं अशा रीतीने दुसऱ्यांकडे गेली असावीत, असं स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने स्वतः सांगितलं. शेवटी दुकान काही काळ बंद करावं लागलं.

आपल्या साइटवर ‘माझा अर्ज’ हे पान आहे. त्यात पोरांचे मोबाइल नंबर आहेत, जातीचे दाखले आहेत, आईबापांचं उत्पन्न आहे. त्या पानाला ‘प्रायव्हेट’ किंवा ‘नो-स्टोअर’ लावलंय का, हे मी विचारल्यावर तू जमिनीकडे बघितलंस. ‘नो-कॅश’ लावलंय म्हणालास. नो-कॅश साठवायला मनाई करत नाही, वापरण्याआधी विचारायला लावतं, एवढंच. हे दुसऱ्या तासाला शिकवलं होतं.

आज संध्याकाळपर्यंत त्या पानाचा हेडर दुरुस्त कर आणि दोन वेगळ्या खात्यांनी लॉगिन करून तपास. उद्या सकाळी दोन्ही ओरिजिनची उत्तरं, वय आणि हिट-मिससकट, लिहून माझ्या टेबलावर ठेव. तोपर्यंत सगळी कॅश पर्ज करण्याचा अधिकार तुझ्या खात्यावरून मी काढून घेतला आहे.